पँथर (शब्द)

पँथर हा मार्जार कुळातील काही मोठ्या, हिंस्र वन्य प्राण्यांसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द आहे. तो कोणत्याही एका प्राण्याचे शास्त्रीय नाव नाही. भारतात लिहिल्या गेलेल्या इंग्रजीत पँथर म्हणजे बिबट्या. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात पँथर म्हणजे प्यूमा. आणि 'ब्लॅक पँथर' म्हटले की आशिया-आफ्रिकेत काळा बिबट्या, तर दक्षिण अमेरिकेत काळा जॅग्वार. त्यामुळे एखाद्या मजकुरात हा शब्द आला, तर तो मजकूर कोठला आणि कोणत्या काळातला हे पाहिल्यावाचून प्राणी निश्चित करता येत नाही. मराठीत हा शब्द प्राण्याचे नाव म्हणून फारसा रुळला नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेमुळे तो घरोघरी पोहोचला, आणि आज मराठी माणसाच्या मनात तो प्रथम याच अर्थाने उभा राहतो.

उच्चार आणि मराठी लेखन

इंग्रजीत या शब्दातील तिसरे व्यंजन जीभ दातांना लावून हवा घासत सोडून उच्चारले जाते. हा घर्षक ध्वनी मराठीत नाही, म्हणून त्याच्या जागी 'थ' लिहिला व बोलला जातो. 'पँथर' आणि 'पॅंथर' अशी दोन्ही लेखने आढळतात. पहिल्या लेखनातील चिन्ह हिंदीतील चंद्रबिंदूसारखे दिसत असले तरी मराठीत ते अर्धचंद्र व अनुस्वार यांचे एकत्र रूप म्हणून वाचले जाते. म्हणून 'पँथर' वाचताना स्वर नाकातून काढायचा नसतो, तर 'न्' स्पष्ट उच्चारायचा असतो.

मराठीत हा शब्द पुल्लिंगी आहे. अलीकडे आलेल्या इतर इंग्रजी शब्दांप्रमाणे एकवचनात त्याचे सामान्यरूप बदलत नाही ('पँथरचा', 'पँथरने'), अनेकवचनात मात्र ते मराठी वळणाने होते ('पँथरांचा', 'पँथरांनी'). 'पँथर्स' हे इंग्रजी अनेकवचनही वृत्तपत्रांत दिसते. संघटनेचे नाव म्हणून मात्र त्याला स्त्रीलिंगी क्रियापद मिळते: 'दलित पँथर फुटली' असे म्हटले जाते, कारण बोलणाऱ्याच्या मनात 'संघटना' हा शब्द असतो.

व्युत्पत्ती

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन 'पँथेरा' वरून आणि लॅटिनमध्ये ग्रीक 'पँथेर' वरून. ग्रीक भाषेत 'पान' म्हणजे सर्व आणि 'थेर' म्हणजे श्वापद. या दोन शब्दांची सांगड घालून 'सर्व श्वापदांचे गुण असलेला' किंवा 'सर्व श्वापदांचा मित्र' असा अर्थ प्राचीन काळापासून सांगितला गेला. ही व्युत्पत्ती आकर्षक असली तरी लोकव्युत्पत्ती आहे. परका शब्द कानावर पडल्यावर त्यात आपल्या भाषेतील ओळखीचे तुकडे शोधण्याची जी प्रवृत्ती सर्वत्र दिसते, तिचेच हे उदाहरण होय. ग्रीकांनी हा शब्द पूर्वेकडील कोणत्या तरी भाषेतून घेतला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. काहींनी त्याचा संबंध संस्कृत 'पुण्डरीक' या शब्दाशी जोडला आहे. पुण्डरीक म्हणजे पांढरे कमळ हा अर्थ परिचित आहे, पण संस्कृत कोशांत 'वाघ' असाही एक अर्थ दिलेला आढळतो. हा संबंध सिद्ध झालेला नाही.

पँथरचा जोडशब्द असलेल्या 'लेपर्ड'ची कथा अधिक स्पष्ट आहे. लॅटिन 'लिओ' म्हणजे सिंह आणि 'पार्डस' म्हणजे ठिपक्यांचे मोठे मांजर. लेपर्ड हा सिंह आणि पार्ड यांच्या संकरातून जन्मलेला प्राणी आहे, अशी जुनी समजूत होती व त्या समजुतीतूनच हे नाव पडले. म्हणजे आज इंग्रजीत ज्या प्राण्याला प्रमाण म्हणून लेपर्ड म्हणतात, त्याचे नाव एका चुकीच्या कल्पनेवर उभे आहे. 'पार्ड' हा शब्द पुढे इंग्रजीतून लोपला, पण बिबट्याच्या शास्त्रीय नावात तो टिकून राहिला.

प्राचीन व मध्ययुगीन कल्पना

रोमन लोकांनी खेळांच्या आखाड्यांसाठी आफ्रिका व पश्चिम आशियातून ठिपक्यांची मोठी मांजरे फार मोठ्या संख्येने आणली. त्यामुळे हा प्राणी त्यांच्या डोळ्यांखालचा होता. तरीही नावांचा घोळ तेव्हापासूनच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील लेखक प्लिनी याने नर व मादी यांना वेगवेगळी नावे असल्याचे नोंदवले आहे. पँथरच्या अंगाला एक मोहक गंध येतो व त्या गंधाने इतर प्राणी त्याच्याकडे ओढले जातात, अशीही नोंद त्याने केली आहे.

ही गंधाची कल्पना मध्ययुगीन युरोपात चांगलीच फोफावली. त्या काळच्या प्राणिकथांच्या सचित्र पोथ्यांत पँथर हा अनेक रंगांचा, सौम्य प्रकृतीचा प्राणी आहे. पोटभर खाल्ल्यावर तो गुहेत तीन दिवस झोपतो, जागा होताच गर्जना करतो आणि त्याच्या मुखातून इतका सुगंध दरवळतो की सारे प्राणी त्याच्यामागे चालू लागतात. एक ड्रॅगन तेवढा भिऊन बिळात शिरतो. तीन दिवसांची निद्रा आणि नंतरचे उठणे यांत ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे रूपक पाहिले जाई. चित्रकारांना सुगंध रंगवणे अवघड होते. त्यांनी तोंडातून निघणारे झोत काढले आणि पुढच्या पिढ्यांनी ते झोत ज्वाळा समजून घेतले. म्हणून युरोपातील कुलचिन्हांमध्ये पँथर आग ओकताना दिसतो. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांताच्या राजचिन्हावर हिरव्या पार्श्वभूमीवर असा पांढरा पँथर आजही आहे. ज्या प्राण्याची ख्याती आज दबा धरून बसणारा शिकारी अशी आहे, तो कधी काळी सुगंध व सौम्यतेसाठी ओळखला जात होता, ही गोष्ट शब्दाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

प्राणिशास्त्रातील स्थान

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ साली बिबट्याला 'फेलिस पार्डस' हे नाव दिले. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ लोरेन्झ ओकेन याने १८१६ साली 'पँथेरा' हे प्रजातीनाम वापरले. (प्राणिशास्त्रीय मराठीत 'जाती' हा एकेका प्राण्याचा आणि 'प्रजाती' हा अनेक जवळच्या जातींचा गट होय, वृत्तपत्रीय मराठीत मात्र 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीसाठी वापरला जातो.) ओकेनचा ग्रंथ नामकरणाच्या नियमांत बसत नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला व हे नाव ग्राह्य धरावे की नाही यावर बराच काळ वाद चालला. अखेर आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने १९८५ साली ते ग्राह्य ठरवले.

आज पँथेरा प्रजातीत वाघ, सिंह, जॅग्वार, बिबट्या आणि हिमबिबट्या अशा पाच जाती मानल्या जातात. म्हणजे शास्त्रीय नावाच्या दृष्टीने वाघही 'पँथेरा' आहे आणि सिंहही. पण बोलीच्या इंग्रजीत वाघाला किंवा सिंहाला कोणी पँथर म्हणत नाही. उलट अमेरिकेत ज्याला पँथर म्हणतात तो प्यूमा या प्रजातीत मुळीच येत नाही. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. 'पँथर' आणि 'पँथेरा' हे एकाच मुळातून आलेले शब्द असले तरी त्यांची व्याप्ती वेगळी आहे.

ब्रिटिश भारतातील वापर

एकोणिसाव्या शतकात भारतात शिकार करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये एक वाद दीर्घकाळ रंगला. डोंगराळ व मोकळ्या मुलखात आढळणारा, अंगाने मोठा, आखूड केसांचा प्राणी तो पँथर आणि दाट जंगलात राहणारा, आकाराने लहान तो लेपर्ड, असे अनेक जण मानत. टी. सी. जर्डन यांच्या १८६७ च्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात या दोन प्रकारांची चर्चा आहे. पुढे डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८८८ ते १८९१ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे सर्व एकाच जातीचे प्राणी असल्याची मांडणी केली. आकारातील फरक वय, लिंग, भक्ष्याची उपलब्धता व प्रदेश यांमुळे पडतो, हे आज सर्वमान्य आहे. नर बिबट्या मादीपेक्षा बराच थोराड असतो, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी त्या वादाचा मोठा भाग निकालात निघतो.

जाती एक ठरली तरी नावे दोन राहिली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३० साली आर. आय. पोकॉक यांचा आशियातील बिबट्यांवरील जो विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकात पँथर हाच शब्द आहे. शिकारकथांच्या वाचकांना या दोन नावांची प्रादेशिक छटाही जाणवते. कुमाऊँ-गढवालात वावरलेले जिम कॉर्बेट 'लेपर्ड' लिहितात. १९२६ साली त्यांनी मारलेला रुद्रप्रयागचा नरभक्षक याच नावाने प्रसिद्ध आहे. दक्षिण भारतातील केनेथ अँडरसन मात्र बहुतेक ठिकाणी 'पँथर' लिहितात. या दोघांची पुस्तके मराठीत अनुवादित झाली, तेव्हा दोन्ही शब्दांच्या जागी बिबट्या वा बिबळ्या हे नाव येणे योग्यच होते.

भारतीय कायद्यानेही दोन्ही नावांची दखल घेतली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत पुढे समाविष्ट झालेली या प्राण्याची नोंद 'लेपर्ड किंवा पँथर' अशी असून सोबत शास्त्रीय नाव दिलेले होते. एकाच प्राण्याची दोन नावे नोंदवण्यामागचे कारण उघड आहे. आपण मारला तो पँथर होता, लेपर्ड नव्हे, असा युक्तिवाद कोणाला करता येऊ नये, हे त्यातून साधते. वन विभागाच्या व संशोधनाच्या इंग्रजीत आता 'लेपर्ड' हेच नाव स्थिर झाले आहे. २०२२ सालच्या देशव्यापी अंदाजात भारतात सुमारे १३,८७४ बिबटे असल्याचे सांगितले गेले; त्यांपैकी ३,९०७ मध्य प्रदेशात व १,९८५ महाराष्ट्रात होते. या अहवालाच्या नावातही पँथर हा शब्द नाही.

अमेरिकेतील वापर

युरोपीय लोक उत्तर अमेरिकेत वसाहतीसाठी गेले तेव्हा तेथील मोठ्या, एकरंगी, पिंगट मांजराला काय म्हणावे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी जुन्या जगातील ओळखीचे नाव त्याला दिले. ग्रामीण अमेरिकी बोलीत त्याचा उच्चार 'पेंटर' असाही होत असे. याच प्राण्याला प्यूमा, कूगर आणि माउंटन लायन अशीही नावे आहेत. एका प्राण्याला इतकी इंग्रजी नावे असल्याचे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

आज पँथर हे नाव मुख्यतः फ्लॉरिडातील प्यूमाला चिकटून आहे. १९६७ साली त्याचा समावेश अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या पहिल्या यादीत झाला. १९८२ साली शाळकरी मुलांनी केलेल्या मतदानातून त्याला फ्लॉरिडाचा राज्यप्राणी म्हणून निवडण्यात आले. संख्या फार घटल्याने आप्तसंकराचे दोष दिसू लागले, तेव्हा १९९५ साली टेक्सासमधून आठ प्यूमा माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या आणि त्यानंतर स्थिती सुधारली. प्रौढ प्राण्यांची संख्या आता सुमारे १२० ते २३० मानली जाते.

प्यूमा डरकाळी फोडू शकत नाही. तो घरच्या मांजरासारखा घुरघुरतो. जनुकीय नात्याने तो बिबट्यापेक्षा चित्त्याला अधिक जवळचा आहे. भारतीय वाचकाने फ्लॉरिडाच्या पँथरचे भाषांतर 'बिबट्या' असे केले, तर ते सरळसरळ चुकीचे ठरते. तेथे 'फ्लॉरिडाचा प्यूमा' असेच लिहावे लागते.

ब्लॅक पँथर

काळा पँथर ही स्वतंत्र जात नाही. कातडीत व केसांत काळे रंगद्रव्य प्रमाणाबाहेर वाढल्याने बिबट्या किंवा जॅग्वार काळा दिसतो. या अवस्थेस मेलॅनिझम म्हणजे कृष्णवर्णता म्हणतात. अशा प्राण्याच्या अंगावरील पुष्पगुच्छासारखे ठिपके नाहीसे झालेले नसतात. तिरप्या उन्हात ते काळ्यावर काळे असे उमटून दिसतात आणि अवरक्त प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांत स्पष्ट ओळखू येतात.

बिबट्यात काळा रंग अप्रभावी जनुकामुळे येतो. त्यामुळे ठिपकेदार आई-बापांच्या एकाच वेतात एक पिल्लू काळे व दुसरे ठिपकेदार असू शकते. काळ्या जोडप्याची पिल्ले मात्र काळीच होतात. जॅग्वारमध्ये हाच रंग प्रभावी जनुकामुळे येतो. म्हणजे दिसायला सारखा असणारा रंग दोन प्राण्यांत दोन वेगळ्या वाटांनी आलेला आहे. काळा प्यूमा असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. म्हणून अमेरिकेच्या जंगलात 'काळा पँथर' पाहिल्याच्या कथा संशोधक गांभीर्याने घेत नाहीत.

दाट, दमट व सावलीच्या अरण्यांत काळ्या बिबट्यांचे प्रमाण अधिक असते. मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात, क्राच्या संयोगभूमीखाली, जवळजवळ सर्वच बिबटे काळे आहेत. भारतात कर्नाटकातील काबिनीचा परिसर त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. गोव्याच्या सह्याद्रीतील अभयारण्यांत त्यांची नोंद आहे आणि महाराष्ट्रात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातही काळा बिबट्या दिसलेला आहे. अशा वेळी मराठी बातम्यांत 'दुर्मीळ ब्लॅक पँथर आढळला' असे मथळे येतात व वाचकाचा समज होतो की हा बिबट्याहून वेगळा प्राणी आहे. 'काळा बिबट्या' हा साधा शब्दप्रयोग केला, तर हा गैरसमज उद्भवत नाही.

ही प्रतिमा लोकांच्या मनात पक्की करण्यात रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ च्या 'द जंगल बुक' मधील बघीराचा वाटा मोठा आहे. बघीरा हा सिवनीच्या अरण्यातील काळा पँथर असून त्याचे नाव हिंदी 'बाघ' वरून घेतलेले आहे. म्हणजे नावाने तो वाघ, जातीने बिबट्या व इंग्रजीत पँथर ठरला.

मराठीतील प्रतिशब्द

मराठीत या प्राण्याला बिबट्या, बिबळ्या आणि शासकीय लेखनात बिबट अशी नावे आहेत; जुन्नरजवळील माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राच्या नावात हे तिसरे रूप दिसते. बोलीत मात्र 'वाघ' हा शब्द पुष्कळदा दोघांनाही चालतो. फरक करायचाच झाला तर 'पट्टेरी वाघ' किंवा 'ढाण्या वाघ' एकीकडे आणि 'बिबट्या वाघ' दुसरीकडे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात पट्टेरी वाघ नाही; तेथील शेतकरी 'रात्री वाघ येऊन गेला' म्हणतो तेव्हा तो बिबट्याविषयीच बोलत असतो. वारली समाजाचा वाघोबाही वाघ व बिबट्या या दोघांचे दैवत आहे. ही अज्ञानाची खूण मानता येत नाही. संस्कृत अमरकोशातही 'द्वीपी' हा शब्द व्याघ्राच्या पर्यायांत आला आहे. द्वीपी म्हणजे ज्याच्या अंगावर बेटांसारखे ठिपके आहेत तो, अर्थात मुळात बिबट्याच. गुजरातीतील 'दीपडो' हे बिबट्याचे नाव या द्वीपीचेच रूप आहे.

खरी अडचण 'चित्ता' या शब्दाने केली आहे. संस्कृत 'चित्रक' म्हणजे ठिपकेदार. त्यावरून हिंदीत 'चीता' झाला व हिंदीतून इंग्रजीत 'चीटा' गेला. बंगालीत मात्र 'चिताबाघ' म्हणजे बिबट्या. मराठीतील काही इंग्रजी-मराठी कोशांत व शालेय शब्दसंग्रहांत पँथर या शब्दापुढे 'चित्ता' असा अर्थ दिलेला आढळतो आणि अनेक पिढ्यांनी तो तसाच पाठ केला. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाल्यानंतर प्रत्यक्ष प्राणी समोर नसल्याने ही चूक कोणाला बोचली नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले गेले आणि चित्ता पुन्हा भारतीय जंगलात आला. आता दोघांत फरक करणे केवळ शुद्धतेचा प्रश्न उरलेला नाही. चित्ता माणसावर सहसा हल्ला करत नाही; उसाच्या फडात पिल्लांसह असलेली बिबट्याची मादी करू शकते. गावात कोणता प्राणी आला आहे, हे सूचनाफलकावर किंवा बातमीत नेमक्या शब्दात सांगणे ही सुरक्षिततेची बाब आहे. ओळखीची खूण सोपी आहे. चित्त्याच्या अंगावर भरीव, सुटे ठिपके असतात व डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळासारख्या काळ्या रेघा असतात. बिबट्याचे ठिपके मध्ये पोकळ व गुच्छासारखे असतात आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी रेघ नसते.

राजकीय चिन्ह म्हणून वापर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाला जो नवा अर्थ आला, त्याची सुरुवात एका मतपत्रिकेत आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक पक्षाला चिन्ह असे. तेथील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते व त्यासोबत गौरवर्णीयांच्या वर्चस्वाची घोषणा असे. लाउंड्स परगण्यातील कृष्णवर्णीयांनी आपला स्वतंत्र पक्ष काढला आणि १९६६ च्या निवडणुकीसाठी काळा पँथर हे चिन्ह घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला आणि हेच चिन्ह स्वीकारले. पँथर आपण होऊन हल्ला करत नाही, पण कोंडीत पकडल्यास पूर्ण ताकदीने उलटतो, असा त्यामागचा विचार होता. अन्यायाचा प्रतिकार करण्याचा हक्क या एका प्राण्याच्या चित्रात सांगता आला.

हे नाव लवकरच इतर देशांत पोहोचले. १९७१ साली इस्रायलमध्ये पौर्वात्य ज्यूंनी आणि न्यूझीलंडमध्ये पॉलिनेशियन वंशाच्या तरुणांनी आपापल्या संघटनांना पँथर हे नाव दिले.

दलित पँथर याच मालिकेत येते. १९७० च्या आसपास महाराष्ट्रात दलितांवरील अत्याचारांच्या घटना वाढत होत्या, रिपब्लिकन पक्ष गटबाजीने खिळखिळा झाला होता, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीमुळे शिकलेली तरुण पिढी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून व चाळींतून लिहू-बोलू लागली होती. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अरुण कांबळे आदी तरुण लेखक-कवींच्या पुढाकाराने ही संघटना उभी राहिली. संस्थापक नेमके कोण याविषयी पुढे त्यांच्यातच मतभेद झाले. 'साधना' साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकातील राजा ढाले यांच्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखाने मोठे वादळ उठले. १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दाची व्याप्ती अनुसूचित जाती-जमाती व नवबौद्धांबरोबरच कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी व स्त्रिया यांच्यापर्यंत नेण्यात आली. या व्यापक व्याख्येवरूनच नेत्यांत फूट पडली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरात दंगल झाली आणि १० जानेवारीच्या मोर्चावरील दगडफेकीत भागवत जाधव हा कार्यकर्ता मृत्युमुखी पडला. १९७७ साली मूळ संघटना बरखास्त झाल्याचे जाहीर करण्यात आले, तरी भारतीय दलित पँथर या नावाने काम पुढे चालू राहिले व मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात ते ठळकपणे दिसले.

शब्दाच्या दृष्टीने लक्ष देण्याजोगी गोष्ट ही की, या तरुणांना 'बिबट्या' हा शब्द ठाऊक होता व मराठीवर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते. तरीही त्यांनी इंग्रजी शब्द तसाच ठेवला. बिबट्या म्हटले असते तर जंगल आणि गोठ्यातली शेळी डोळ्यांसमोर आली असती. पँथर म्हटल्याने ओकलंडच्या रस्त्यांशी नाते जोडले गेले. नावातला पहिला शब्द येथल्या मातीतला व दुसरा सातासमुद्रापलीकडचा, अशी ही जोडणी होती. तमिळनाडूत याच्या उलट घडले. तेथे १९८० च्या दशकात दलित पँथर याच नावाने सुरू झालेल्या संघटनेतून जो पक्ष वाढला, त्याचे नाव 'विदुतलै चिरुत्तैगळ कच्ची' आहे. चिरुत्तै म्हणजे तमिळमध्ये बिबट्या. तेथे शब्द भाषांतरित झाला, मराठीत तो आत्मसात झाला.

मराठीत पुढे 'पँथर' हे व्यक्तिवाचक बिरुदही झाले. त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या नावामागे आदराने 'पँथर' लावले जाते. 'तो जुना पँथर आहे' या वाक्याचा अर्थ महाराष्ट्रात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आत्मचरित्रांत, स्मरणिकांत व जयंतीच्या फलकांवर हा शब्द याच अर्थाने येतो, आणि शब्दकोशांनी या अर्थाची स्वतंत्र नोंद करणे आवश्यक आहे.

इतर वापर

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने १९४३ पासून वापरलेल्या एका रणगाड्याचे नाव पँथर होते. अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय जवानांची ७६१ वी रणगाडा पलटण 'ब्लॅक पँथर्स' म्हणून ओळखली जाई. मार्व्हल कॉमिक्समधील 'ब्लॅक पँथर' हा नायक जुलै १९६६ च्या अंकात, म्हणजे ओकलंडचा पक्ष स्थापन होण्यापूर्वी अवतरला. दोन्ही नावांचे साम्य योगायोगाचे आहे. त्याच्यावरील चित्रपट २०१८ साली आला. १९६३ च्या 'द पिंक पँथर' या चित्रपटातील पँथर हा प्राणी नसून हिरा आहे. त्या हिऱ्याच्या गाभ्यातील डाग पँथरच्या आकाराचा दिसतो म्हणून त्याला ते नाव पडले. श्रेयनामावलीत दाखवलेले गुलाबी रंगाचे व्यंगचित्र इतके लोकप्रिय झाले की पुढे त्याचीच स्वतंत्र मालिका निघाली.